ब्रिटिश फ्रूट मशीन घरच्या संगणकावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या पबमधले कोपरे, समुद्रकाठची आर्केड्स आणि मोटरवेवरचे थांबे फ्रूट मशीन्सनी, म्हणजे नाणे टाकून रिळे फिरवायच्या जुगाराच्या यंत्रांनी, कित्येक दशके उजळून टाकले होते. आज ती यंत्रे झपाट्याने भंगारात जात आहेत. पण त्यांच्या बोर्डांवरचे प्रोग्राम काही चिकाटीच्या लोकांनी उतरवून ठेवले आहेत, आणि घरच्या संगणकावर एम्युलेटर नावाच्या प्रोग्रामच्या मदतीने ते जसेच्या तसे चालतात. या छंदाबद्दल मराठी वाचकांकडून, विशेषतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा राहून आलेल्यांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची ही उत्तरे.

फ्रूट मशीन आणि लास वेगासचे स्लॉट मशीन एकच ना?

पूर्वज एक, पण वाटा फार लवकर वेगळ्या झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे या कारागिराने ‘लिबर्टी बेल’ हे तीन रिळांचे यंत्र बनवले. चेरी, लिंबू, मनुका ही फळांची चिन्हे आणि ‘बार’ हा पट्टा पुढच्या अमेरिकन यंत्रांवर आला आणि तिथून ब्रिटनला पोचला. अमेरिकेत खेळ दांडा ओढण्यापुरता राहिला. ब्रिटनमध्ये मात्र एकेका खेळीची रक्कम आणि बक्षिसाची कमाल मर्यादा कायद्याने फार खाली ठेवली होती. मोठ्या रकमेचे आमिष दाखवता येत नाही म्हटल्यावर कारखान्यांनी खेळच रंगतदार केला. रिळे धरून ठेवण्याचे ‘होल्ड’ आले. रीळ एकेक घर सरकवण्याचे ‘नज’ आले. वरच्या काचेवर सापशिडीसारखी चढत जाणारी वाट, ‘हाय-लो’चा जुगार, जिंकलेली रक्कम दुप्पट करण्याची संधी, हे सगळे त्या मर्यादेपोटी जन्मले. माझ्या मते ब्रिटिश यंत्र खेळायला अधिक मजेचे आहे त्याचे कारण हेच.

कायद्याचा इतका काय संबंध?

यंत्रांचा इतिहास समजून घ्यायचा तर कायदा टाळता येत नाही. १९६० च्या बेटिंग अँड गेमिंग कायद्याने ब्रिटनमध्ये या यंत्रांना वाट मोकळी झाली आणि १९६८ च्या गेमिंग कायद्याने त्यांना शिस्त लावली. पब आणि आर्केडमध्ये लहान बक्षिसांची यंत्रे, सभासदांच्या क्लबात मोठ्या जॅकपॉटची, अशी विभागणी त्या काळापासून रूढ आहे. लहान बक्षिसांच्या यंत्रांना धंद्यात आजही एडब्ल्यूपी (अम्यूझमेंट विथ प्रायझेस) म्हणतात. २००५ चा गॅम्बलिंग कायदा सप्टेंबर २००७ पासून लागू झाला आणि ए, बी, सी, डी अशा श्रेणी आल्या. पबमध्ये दिसते ते बहुतेक सी श्रेणीचे यंत्र. २००९ मध्ये त्याची कमाल खेळी १ पौंड आणि बक्षीस ७० पौंड झाले, तर २०१४ पासून बक्षीस १०० पौंड आहे.

एम्युलेटरवर हे सगळे डोळ्यांसमोर दिसते. एकाच खेळाच्या दोन-तीन आवृत्त्या सापडतात. एकीत जॅकपॉट टोकनमध्ये, दुसरीत रोख, तिसरीत वाढीव. मर्यादा बदलली की कारखाना नवी चिप आणि नवी काच पाठवत असे.

ही यंत्रे कोण बनवत असे?

मोजकीच नावे लक्षात ठेवली तरी पुरे. मँचेस्टरजवळच्या ॲश्टन-अंडर-लाइनची बारक्रेस्ट, कार्डिफची जेपीएम, नॉटिंगहॅमची बेल-फ्रूट, वुल्व्हरहॅम्प्टनची मेगे. त्याशिवाय एस, प्रोजेक्ट, इलेक्ट्रोकॉइन, माझूमा. एम्युलेशनच्या दृष्टीने मात्र कंपनीपेक्षा तिचा बोर्ड महत्त्वाचा, कारण एका बोर्डावर शेकडो खेळ निघत. बारक्रेस्टचे एमपीयू ३, एमपीयू ४ आणि एमपीयू ५, जेपीएमचे सिस्टिम ५ आणि इम्पॅक्ट, बेल-फ्रूटची स्कॉर्पियन मालिका, मेगेचे एम१ आणि एपॉक ही नावे तुमच्या कानावर सतत पडतील.

एम्युलेशन आणि सिम्युलेशन यांत फरक काय? मोबाइलवर तर फ्रूट मशीनचे ढीगभर खेळ आहेत.

मोबाइलवरचे बहुतेक खेळ सिम्युलेशन आहेत. कुणीतरी यंत्र पाहून, आठवून, नव्याने प्रोग्राम लिहिलेला असतो. त्यात रिळे फिरतात, दिवे लागतात, पण आतला निर्णय त्या नव्या लेखकाचा.

एम्युलेशनमध्ये कारखान्यातून निघालेल्या चिपमधला मूळ प्रोग्राम चालतो. एम्युलेटर फक्त त्या प्रोग्रामभोवतीचे लोखंड आणि तारा उभ्या करतो. एमपीयू ४ चे उदाहरण घ्या. मध्यभागी मोटोरोलाचा ६८०९ प्रोसेसर, शेजारी वेळ मोजणारी ६८४०, बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या सहा ६८२१ चिप्स आणि आवाजासाठी एवाय-३-८९१३. या सगळ्यांचे वागणे एम्युलेटरला हुबेहूब करावे लागते. प्रोग्रामला वाटते की आपण १९९० सालच्या एखाद्या पबमध्ये भिंतीला टेकून उभे आहोत. तो नाणे मोजतो, रिळांच्या मोटरींना पावले टाकायला सांगतो, दार उघडे आहे का ते तपासतो. मोटर, नाणे, दार यांपैकी खरे काहीच नसते, पण प्रोग्रामला ते कळण्याचा मार्ग नसतो.

व्हिडिओ गेम एम्युलेट करणे आणि हे करणे, कठीण कोणते?

प्रोसेसरच्या वेगाचा विचार केला तर फ्रूट मशीन सोपे. कुठलाही जुना लॅपटॉप ते सहज पेलतो. कठीण आहे ती बाहेरची बाजू. व्हिडिओ गेमचा प्रोग्राम स्वतःच चित्र काढतो, त्यामुळे प्रोग्राम चालला की चित्र दिसते. फ्रूट मशीनच्या प्रोग्रामात चित्रच नसते. त्याला चेरी ठाऊक नाही, घंटा ठाऊक नाही. ‘पहिल्या रिळाची मोटर इतकी पावले पुढे ने’, ‘सदतिसावा दिवा लाव’, एवढेच त्याला कळते. चेरी छापलेली असते रिळावर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर, आणि सदतिसाव्या दिव्यासमोर काय लिहिले आहे ते रंगवलेले असते काचेवर. दोन्ही हरवले तर चिपमधला प्रोग्राम शाबूत असूनही तो खेळ कुणाला खेळता येत नाही.

दिव्यांचीही एक गंमत आहे. शंभरावर दिवे असले तरी प्रत्येकाला स्वतंत्र तार नसते. दिवे जाळीत मांडलेले असतात आणि प्रोसेसर एका वेळी एकच रांग पेटवतो, मग पुढची, मग त्यापुढची. हे इतक्या वेगाने चालते की बल्बची तार थंड व्हायच्या आत तिची पाळी पुन्हा येते आणि डोळ्याला दिवा सलग दिसतो. एम्युलेटरमध्ये बल्ब नाही, म्हणून बल्बचे ते सावकाश विझणेही गणिताने करावे लागते. ते नीट जमले नाही तर सगळी काच थरथरताना दिसते.

सुरुवात कोणत्या प्रोग्रामने करू?

दोनच पर्याय ध्यानात घ्या: एमएफएमई आणि मेम.

एमएफएमई म्हणजे मल्टी फ्रूट मशीन एम्युलेटर. हा खास ब्रिटिश यंत्रांसाठी लिहिलेला, विंडोजवर चालणारा प्रोग्राम आहे. या छंदातले बहुतेक काम याच्याभोवती झाले आहे, त्यामुळे तयार यंत्रांचा सर्वांत मोठा साठाही याच्यासाठीच आहे. नुसते खेळायचे असेल तर इथूनच सुरुवात करा.

मेम १९९७ मध्ये आर्केडच्या व्हिडिओ गेमसाठी सुरू झाला आणि २०१६ पासून पूर्णपणे मुक्तस्रोत आहे. जुगाराच्या यंत्रांसाठी त्याची एजीईमेम नावाची शाखा होती, ती नंतर मूळ प्रकल्पात मिसळली. मेममध्ये फ्रूट मशीन्सची नोंद प्रचंड आहे, पण त्यातल्या फार मोठ्या भागावर ‘चालत नाही’ असा शिक्का आहे, आणि अनेकांना काचेचे चित्रही नाही. मग मेम कशाला? कारण त्याचा प्रत्येक चालक-प्रोग्राम वाचायला उघडा आहे. कोणती चिप कुठे जोडली आहे, दिव्यांची जाळी कशी आहे, सुरक्षा चिप काय उत्तर देते, हे सगळे त्यात लिहून ठेवलेले असते. खेळण्यासाठी एमएफएमई आणि समजून घेण्यासाठी मेम, अशी माझी विभागणी आहे.

मॅक किंवा लिनक्सवर?

मेम तिन्हीकडे चालतो. एमएफएमईसाठी मात्र विंडोज असलेला जुना संगणक बाजूला ठेवणे सगळ्यांत बिनत्रासाचे.

लेआउट म्हणजे काय? क्लासिक आणि डीएक्स असे दोन प्रकार का दिसतात?

लेआउट म्हणजे यंत्राचा दर्शनी भाग. काच, रिळे, बटणे, आकड्यांची पाटी आणि यातले काय प्रोग्रामच्या कोणत्या तारेला जोडले आहे त्याचा नकाशा, हे सारे त्यात येते.

क्लासिक लेआउटमध्ये दिव्यांच्या जागी साधे रंगीत चौकोन असतात आणि त्यांवर शब्द लिहिलेले असतात. दिसायला रुक्ष, पण सगळे काही वाचता येते. डीएक्समध्ये खऱ्या काचेचे छायाचित्र किंवा स्कॅन असते. प्रत्येक दिव्यासाठी पेटलेला आणि विझलेला असे दोन नमुने कापून, एकमेकांवर बरोबर बसवून ते चित्र उभे केलेले असते. चांगला डीएक्स लेआउट करणारा माणूस काच सपाट पाडून तुकड्या-तुकड्यांनी स्कॅन करतो, ते तुकडे जोडतो, तीस वर्षांत उडालेला लाल रंग परत आणतो, ओरखडे भरतो. हे काम महिनोन्‌महिने चालते आणि लोक ते फुकट वाटतात. कुणाचा लेआउट आवडला तर त्याला दोन ओळी लिहून कळवा. बहुतेक जणांना मिळणारा मोबदला तेवढाच असतो.

रॉम कुठून येतात? त्या वापरणे कायदेशीर आहे का?

रॉम म्हणजे यंत्राचा प्रोग्राम साठवलेली चिप, आणि तिच्यातून उतरवलेली फाइलही. यंत्राच्या बोर्डावर किंवा त्याला जोडलेल्या कार्डावर इप्रॉम प्रकारच्या अशा चिप्स असतात. वरच्या बाजूला काचेची छोटी खिडकी आणि त्यावर स्टिकर, ही त्यांची ओळख. ते स्टिकर कधीही सोलून काढू नका. खिडकीतून अतिनील प्रकाश आत गेला तर चिपमधली माहिती पुसली जाते. सॉकेटमधून चिप हळूच उचलायची, वाचक यंत्रात बसवायची, मजकूर फाइलमध्ये उतरवायचा, पुन्हा एकदा वाचून दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत ना ते पाहायचे. याला डम्प करणे म्हणतात.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. हे प्रोग्राम लेखाधिकाराखाली आहेत, आणि यंत्र जुने झाले म्हणून किंवा कंपनी बंद पडली म्हणून तो हक्क संपत नाही. हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे जातात. बारक्रेस्ट आधी अमेरिकेच्या आयजीटीकडे गेली आणि २०११ मध्ये सायंटिफिक गेम्सकडे. या छंदातली रूढ पद्धत अशी की ज्या यंत्रांवर अजून पबमध्ये पैसे कमावले जात आहेत त्यांच्या रॉम वाटायच्या नाहीत, आणि हक्कदाराने काढायला सांगितले की काढायच्या. रॉम विकणाऱ्यांपासून लांबच राहा. दुसऱ्यांनी फुकट उतरवलेले काम डिस्कवर भरून ते विकत असतात.

सगळे डाउनलोड केले, पण यंत्र सुरूच होत नाही. नुसता अलार्म वाजतो.

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. यंत्र बिघडले आहे असे समजू नका. प्रोग्राम त्याचे काम चोख करतो आहे, आणि भोवतालचे काहीतरी त्याला पटलेले नाही.

पहिली तपासणी दाराची. खऱ्या यंत्रात दाराला स्विच असतात. लेआउटमध्ये ते ‘उघडे’ राहिले असतील तर प्रोग्राम खेळ सुरू करणार नाही. दाराचे बटण एकदा दाबून पाहा.

दुसरी, स्मृती. यंत्र बंद असतानाही हिशेब लक्षात राहावा म्हणून बोर्डावर बॅटरीवर जगणारी रॅम असते. पहिल्यांदा सुरू करताना ती कोरी किंवा कचऱ्याने भरलेली असते आणि प्रोग्राम ते ओळखून तक्रार करतो. रिसेट केल्यावर बहुतेक वेळा तो सगळे पुसून नव्याने सुरुवात करतो.

तिसरी, किल्ल्या. एमपीयू ४ सारख्या बोर्डांवर एका खेळीची किंमत, जॅकपॉट आणि परताव्याची टक्केवारी ठरवण्यासाठी छोट्या प्लास्टिकच्या किल्ल्या खोचाव्या लागत. लेआउटमध्ये त्यांची निवड चुकली तर पाटीवर संदेश येतो. तो संदेश नीट वाचा. ही यंत्रे दुरुस्तीवाल्याशी बऱ्यापैकी स्पष्ट बोलतात.

चौथी, पैसे. नाण्यांच्या नळ्या किंवा हॉपर (बक्षिसाची नाणी बाहेर टाकणारा डबा) रिकामे आहेत असे यंत्राला वाटत असेल तर ते खेळू देणार नाही, कारण बक्षीस द्यायला पैसा नाही. रिफिलची किल्ली फिरवून नाणी भरल्याचे त्याला सांगावे लागते.

पाचवी, रिळांचा अलार्म. प्रत्येक रिळावर एक छोटा पत्रा असतो आणि फिरताना तो प्रकाशाच्या किरणाला अडवतो. त्यावरून प्रोग्रामला कळते की रीळ घरी आले. लेआउटमध्ये रिळाच्या पावलांची संख्या किंवा त्या पत्र्याची जागा चुकली तर प्रोग्राम रीळ शोधत राहतो आणि शेवटी हात टेकतो.

इतके करूनही सुरू होत नसेल तर बहुधा सुरक्षा चिप आडवी आली आहे. बारक्रेस्टने नकला रोखण्यासाठी खेळाच्या कार्डावर कॅरॅक्टरायझर नावाची चिप बसवली होती. प्रोग्राम तिला आकडा पाठवतो आणि ठरलेले उत्तर अपेक्षितो. उत्तर चुकले की खेळ अडतो किंवा अर्धवट वागतो. प्रत्येक खेळाची ही उत्तरांची यादी वेगळी असते, आणि ती एम्युलेटरला दिलेली असावी लागते.

रिळांवर काहीच जुळलेले नाही, तरी यंत्र जिंकल्याचे दिवे लावते. हे कसे?

वर सांगितले तेच, प्रोग्रामला चित्र दिसत नाही. तो योग्य पावलावर थांबला आहे, पण लेआउटमध्ये पट्टी एखाद-दुसरे घर सरकून बसली आहे. रिळाच्या मांडणीत सुरुवातीचा फरक बदलून पाहा. खऱ्या यंत्रातही पट्टी वाकडी चिकटवली की असेच होत असे.

आवाज येत नाही.

बहुतेक वेळा ध्वनीची रॉम जोडलेली नसते. अनेक बोर्डांवर साधे सूर एक चिप काढते, आणि माणसाचे बोलणे किंवा टाळ्या-शिट्ट्यांसाठी वेगळी नमुना-चिप असते, तिची रॉमही वेगळी. ती नसली तरी खेळ चालतो, पण मुका.

यंत्र फसवते का? खरे सांगा.

या प्रश्नासाठीच मी हे पान लिहायला घेतले, म्हणून सविस्तर सांगतो.

ब्रिटिश पबमधली जुनी यंत्रे बहुतांशी ‘कॉम्पेन्सेटेड’ म्हणजे हिशेब जुळवणारी आहेत. गोव्याच्या कॅसिनोतल्या आधुनिक स्लॉटमध्ये प्रत्येक खेळी आधीच्या खेळीपासून स्वतंत्र असते. मागच्या तासात काय झाले याचा पुढच्या फेरीशी संबंध नसतो. ब्रिटिश यंत्राचे तसे नाही. ते वाण्याच्या वहीसारखा जमाखर्च ठेवते. किती आले, किती दिले, आणि ठरलेल्या टक्केवारीपासून आपण किती दूर आहोत. ही टक्केवारी साधारण ७० ते ९० च्या दरम्यान कुठेतरी बसवलेली असते. देणे मागे पडले असेल तर यंत्र सैल होते. नज जास्त मिळतात, फीचर म्हणजे जादा खेळ लागतो, वरची वाट उघडते. जास्त दिले गेले असेल तर ते आवळते. रीळ थांबण्याआधीच निकाल ठरलेला असतो आणि रीळ तो निकाल फक्त दाखवते.

यात लपवाछपवी कुठे आहे? ‘हाय-लो’मध्ये. आकड्यांच्या रिळावर १ ते १२. समोर २ आला आहे. पुढचा आकडा मोठा येईल की लहान, ते तुम्ही सांगायचे. कुणीही मोठा म्हणेल, कारण दोनाहून लहान आकडा एकच. तुम्ही ‘हाय’ दाबता, रीळ फिरते आणि १ वर थांबते. पबमध्ये माणूस म्हणतो, नशीब फुटके, आणि पुढचे नाणे काढतो.

आता हेच एम्युलेटरवर करा. २ आल्याबरोबर यंत्राची त्या क्षणाची पूर्ण स्थिती साठवून ठेवा. ‘हाय’ दाबा: १ येतो, हरलात. साठवलेली स्थिती परत आणा. तेच रीळ, तोच हिशेब, तोच क्षण. या वेळी ‘लो’ दाबा. ११ येतो. पुन्हा हरलात. पुन्हा परत आणा, थोडे थांबून दाबा, घाईने दाबा. यंत्राने हरवायचे ठरवले असेल तर कोणतेही बटण तुम्हाला वाचवत नाही. निवड दाखवलेली असते, पण दिलेली नसते.

पबमध्ये उभे राहून हे कुणालाही सिद्ध करता आले नसते, कारण तिथे तो क्षण एकदाच येतो. २००० नंतरच्या वर्षांत एम्युलेटर वापरणाऱ्यांनी नेमके हेच दाखवून दिले आणि ‘फेअरप्ले’ नावाची मोहीम चालवली. पुढे ब्रिटनमधल्या यंत्रांवर सूचना दिसू लागली. तिचा आशय असा: हे यंत्र कधी कधी अशी निवड देऊ शकते जिच्यात खेळाडूला यशाची काहीच शक्यता नसते. एका छंदातून निघालेली ही गोष्ट मला कोणत्याही जॅकपॉटपेक्षा मोठी वाटते. जुने प्रोग्राम जपून ठेवायचे ते याचसाठी. लोकांच्या खिशातून वर्षानुवर्षे पैसा काढणारे यंत्र आत काय विचार करत होते, हे तपासण्याची ती एकमेव जागा आहे.

म्हणून ‘फसवते का’ याचे माझे उत्तर: एकूण परताव्यात नाही, टक्केवारी ते पाळते. पण कौशल्याचा आव आणून केलेल्या त्या निवडीत, हो, फसवते.

म्हणजे एम्युलेटरवर सराव करून खऱ्या यंत्रावर जिंकता येईल?

नाही. काही जुन्या खेळांत प्रोग्रामच्या चुका होत्या आणि त्या वापरून यंत्र रिकामे करणारी माणसेही होती. कारखान्याला सुगावा लागला की नवी चिप यायची. एम्युलेटरवर त्या जुन्या आवृत्त्या अजून जिवंत आहेत आणि तिथे त्या युक्त्या करून पाहण्यात मजा आहे. पण आज पबमध्ये उभ्या असलेल्या यंत्राचा हिशेब तुमच्यासाठी वेगळा होत नाही. शंभर पौंड टाकून सरासरी शंभरापेक्षा कमीच परत मिळणार, तशी त्याची रचनाच आहे.

भारतात बसून हे खेळणे चालते का?

एम्युलेटरमध्ये पैसा लावला जात नाही आणि पैसा मिळत नाही. जाणारे नाणे आणि येणारे नाणे दोन्ही केवळ मोजणीतले आकडे असतात. जुगारविरोधी कायदे, अगदी १८८७ पासून मुंबई प्रांतात चालत आलेला कायदासुद्धा, पैज आणि पैशाबद्दल आहेत. लेखाधिकाराचा मुद्दा मात्र भारतातही तसाच लागू होतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो. घरात कुणाला जुगाराचा त्रास असेल, किंवा तुम्हालाच पूर्वी झाला असेल, तर हा छंद धरू नका. पैसा खोटा असला तरी दिव्यांचा आणि सुरांचा परिणाम खरा असतो. लोकांना तासन्‌तास खिळवून ठेवण्यासाठीच तो बेतलेला होता.

पहिले यंत्र कोणते निवडू?

इलेक्ट्रोकॉइनचे ‘बार एक्स’. तीन रिळे, मोजकी चिन्हे, वर चढणारी वाट नाही, गोंधळ नाही. जुळले की पैसे, नाहीतर पुढची खेळी. यंत्राची लय कळायला याहून चांगला गुरू नाही. मग जेपीएमचे ‘ईच वे नजर’ घ्या. त्यात नज कसे जपून वापरायचे ते शिकता येते. नज मिळाले की घाई करू नका, प्रत्येक रिळावर वर आणि खाली काय दडले आहे ते आठवा. रिळाची पट्टी पाठ असलेला खेळाडू आणि नसलेला यांत तिथे खरोखर फरक पडतो. त्यानंतर बारक्रेस्टचे ‘ॲडर्स अँड लॅडर्स’, म्हणजे सापशिडीच. फीचर-वाट म्हणजे काय हे त्यावर पाच मिनिटांत समजते. मोठ्या, दिव्यांनी खच्चून भरलेल्या क्लबच्या यंत्रांकडे थेट गेलात तर काहीच कळणार नाही आणि कंटाळाल.

मी लंडनजवळ राहतो. खरे यंत्रच घरी आणावे का?

जागा आणि सोबत उचलायला मित्र असतील तर जरूर आणा. जुनी यंत्रे कधी कधी केवळ ‘घेऊन जा’ या बोलीवर मिळतात. पण आधी तीन गोष्टी पाहा.

मागचे दार उघडून बोर्डावरची बॅटरी बघा. एमपीयू ४ वर ती फुटून हिरवट क्षार पसरलेला असतो आणि तो तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. यंत्र चालू स्थितीत असले तरी ती बॅटरी पहिल्या दिवशीच काढून घ्या.

दुसरे, नाणी. ब्रिटनने ५ पेन्सचे नाणे १९९० मध्ये, १० पेन्सचे १९९२ मध्ये आणि ५० पेन्सचे १९९७ मध्ये लहान केले. पौंडाचे गोल नाणे ऑक्टोबर २०१७ मध्ये चलनातून गेले आणि त्याच्या जागी बारा बाजूंचे आले. यंत्र ज्या काळचे, त्याच काळची नाणी त्याला पटतात. मूठभर जुनी नाणी शोधून ठेवा किंवा नाणे ओळखणारा भाग बदला.

तिसरे, वीज. आतल्या ट्रान्सफॉर्मरशी अनुभव नसताना खेळू नका, जाणकाराला बोलवा.

या कामात मला काही हातभार लावता येईल का?

येईल, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये असाल तर बंद होणारे क्लब, जुने पब, समुद्रकाठची आर्केड्स यांच्या गोदामांत चौकशी करा. यंत्र फेकले जात असेल आणि सगळे उचलता येत नसेल, तर तीन वस्तू वाचवा: चिप्स असलेला बोर्ड किंवा कार्ड, रिळांच्या पट्ट्या आणि वरची-खालची काच. रॉम पुष्कळ वाचल्या आहेत. दुर्मीळ झाल्या आहेत त्या पट्ट्या आणि काचा, कारण काच जड, नाजूक आणि भंगारवाल्याच्या दृष्टीने बिनकामाची.

काच नेणेच शक्य नसेल तर छायाचित्र घ्या. फ्लॅश नको. कॅमेरा काचेला अगदी समांतर धरा, एका घासात सगळी काच न घेता लहान-लहान भाग घ्या, आणि प्रत्येक भाग शेजारच्या भागावर थोडा चढू द्या म्हणजे पुढे जोडता येतील. काचेमागे पांढरा कागद धरून एक फेरी, दिवे पेटलेले असताना दुसरी. रिळांच्या पट्ट्या पूर्ण गोल फिरवून घ्या, पहिले चिन्ह शेवटी पुन्हा यायला हवे. बोर्डावरच्या चिप्सवरचे स्टिकर वाचता येतील असे एक जवळचे चित्र घ्या, कारण आवृत्तीचा क्रमांक तिथेच असतो. यंत्राच्या दारामागे कागदी पुस्तिका खोचलेली असेल तर तीही उचला. दिव्यांचे क्रमांक बहुधा तिच्यातच छापलेले असतात, आणि लेआउट करणाऱ्याचे कित्येक आठवड्यांचे काम त्यामुळे वाचते.